बोक्याने आज शू केली का?

सकाळी ऑफिसला निघताना दारात उभं राहून तुम्ही काय काय चेक करता? मोबाइल, लॅपटॉप, आयडी कार्ड, गाडीची किल्ली, गॅसचा नॉब. घरात बोका असेल तर या लिस्टमध्ये आजपासून आणखी एक आयटम टाका. बोक्याने शू केली का?

हसलात? हसा. लाइफस्टाइलच्या पानावर मांजराच्या शूची चर्चा म्हणजे जरा अतीच, मलाही मान्य. पण मंडळी, काल रात्री तुमच्या कीबोर्डवर ताणून दिलेला, चार-पाच वर्षांचा धडधाकट बोका निव्वळ लघवी अडकल्यामुळे दोन-तीन दिवसांत मरू शकतो. ना अपघात, ना विषबाधा. आणि या दोन-तीन दिवसांतला पहिला दिवस बहुतेक घरांत 'त्याचं पोट साफ होत नाहीये वाटतं' असं म्हणण्यातच जातो.

आपल्या भाषेनं बोक्याकडे कायम मजेतच बघितलंय. शिंक्याचं तुटतं आणि फावतं कुणाचं, तर बोक्याचं! लठ्ठ, आळशी, नशीबवान अशी त्याची इमेज. त्याला काही दुखत-खुपत असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही. त्यात मांजराची जात दुखणं लपवणारी. कुत्रं कण्हत कण्हत तुमच्या पायाशी येईल. मांजर गुपचूप पलंगाखाली जाऊन बसेल आणि तुम्ही म्हणाल, 'आज साहेबांचा मूड नाही!'

या विषयाचं खरं गांभीर्य मला पुण्यातल्या चकचकीत पेट क्लिनिकमध्ये नाही, तेलगावात कळलं. तेलगाव म्हणजे बीड जिल्ह्यातलं चौफुलीचं गाव. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. शेजारी सुंदरनगरला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना. हंगामात रस्त्यावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, बैलगाड्या, हॉर्न आणि हवेत मळीचा वास. २०२५च्या जानेवारीत ऊसतोडीवर एक स्टोरी करायला मी मामांकडे मुक्काम ठोकला होता. तिथे माझ्याआधी एक पाहुणा येऊन राहिला होता. गब्बू.

गब्बू हा माझ्या मामेभावाचा बोका. वाकडच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, नसबंदी केलेला, सहा किलोंचा ऐवज. मामेभावाला कंपनीने ऑनसाइट पाठवलं, म्हणून गब्बूची रवानगी गावाला झाली. सोबत ड्राय फूडची दहा किलोंची गोणी! म्हणजे बघा, आयुष्यभर सातव्या मजल्यावर राहिलेला हा प्राणी एकदम कारखान्याचा भोंगा, ट्रॅक्टर, गोठा आणि मामींच्या अंगणातली दोन गावठी मांजरं अशा सेटअपमध्ये येऊन पडला. पहिला आठवडा तो धान्याच्या कोठीमागेच होता म्हणे.

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गब्बू न्हाणीघराच्या मोरीत बसलेला दिसला. बसला, उठला, दोन पावलं चालला, परत बसला. पाठीची कमान, शेपटी थरथरतेय, मान खाली. मग एक विचित्र, खोल, लांबलचक आवाज. मग मागे वळून स्वतःला चाटणं. पाच मिनिटांनी परत तेच.

मामींनी निदान करून टाकलं, ''बद्धकोष्ठ झालंय त्याला. ते कोरडं खाणं! थोडं एरंडेल पाजू का?'' अगदी स्वाभाविक आहे हो. कुंथणारं जनावर बघितलं की आपल्याला तेच सुचतं. इंटरनेटवर वाढलेल्या पुणेकरांनाही तेच सुचतं.

मामा मात्र न बोलता मोरीत वाकले. फरशीवर हात फिरवला. कोरडी. नाकाशी धरून वास घेतला. मग म्हणाले, ''आगं, ह्ये हागायचं दुखणं न्हाई. मुतायचं हाय. तुंबलाय त्यो.''

मामांना हे कळलं त्याला कारण आहे, आणि ते कारण मांजराचं नाही, बैलाचं आहे. २०१२-१३च्या दुष्काळात त्यांचा एक बैल असाच तुंबला होता. शेपटी वर करून उभा राहायचा, कुंथायचा, थेंब थेंब पडायचे, पोटाला लाथा मारायचा. डॉक्टर येईपर्यंत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बैल शांत झाला, लाथा मारायचा थांबला. घरच्यांना वाटलं, सुटलं एकदाचं! प्रत्यक्षात आतली पिशवी फुटली होती. ताण गेला म्हणून कळ थांबली, पण लघवी पोटात पसरली. बैल गेला. मामा सांगत होते, ''त्यो शांत झाला तवाच आमी पेढं वाटायचे बाकी होतो.''

गुराढोरांच्या डॉक्टरांना हे दुखणं नवं नाही. बैलाचा मूत्रमार्ग लांब, आणि वाटेत इंग्रजी एस अक्षरासारखं वळण. बारीक खडा त्या वळणात बसला की खेळ खल्लास. बोकडांतही हेच होतं, विशेषतः कोवळ्या वयात खच्ची करून खुराकावर ठेवलेल्या. म्हणजे गावात बैल आणि बोकड कुंथायला लागला की जाणत्या माणसाच्या कपाळावर आठी पडते. बोका कुंथायला लागला की एरंडेल! जनावराच्या किमतीवर आपली नजर किती अवलंबून असते बघा.

मामांनी लगेच गावातल्या पशुवैद्यांना फोन लावला. त्यांचं पहिलं वाक्य मी वहीत लिहून घेतलं, ''काका, पोट दाबू नका, काही पाजू नका, मी निघालोच.'' अर्ध्या तासात आले. गब्बूच्या पोटाला दोन बोटांनी अलगद हात लावला आणि मला म्हणाले, ''इथे हात ठेवा. दाबायचं नाही.'' मागच्या दोन पायांच्या पुढे, आत, एक घट्ट गोळा. मोठ्या लिंबाएवढा, आणि दगडासारखा टणक. एरवी मांजराच्या पोटात बोटांना असलं काही लागत नाही. सहा किलोंचं जनावर मऊ उशीसारखं असतं.

आता जरा आतलं मशीन समजून घेऊ. बोअर होणार नाही, प्रॉमिस.

बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि शेवटी शेवटी निमुळता होत जातो. टोकाशी तो जेमतेम मिलिमीटरभर रुंद. मांजरीचा आखूड आणि ऐसपैस. म्हणूनच मांजरीला मूत्राशयाचा त्रास झाला तरी तिची लघवी पूर्ण अडकणं दुर्मिळ, आणि बोक्याच्या बाबतीत मात्र कायम टांगती तलवार. अडकतं काय? कधी खडा. बऱ्याचदा मात्र चिकट बुळबुळीत पदार्थात वाळूसारखी खर मिसळून झालेलं एक बूच. आणि पुष्कळ वेळा यातलं काहीच नाही. मूत्राशयाला सूज येते, नळीचे स्नायू आवळतात, आणि वाट बंद. या शेवटच्या प्रकारात डॉक्टरांना ठोस कारण सापडत नाही. जंतुसंसर्ग? तरुण बोक्यांत तो फार कमी वेळा असतो. त्यामुळे मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून घरीच कोर्स सुरू करण्याचा फंडा इथे फेल आहे.

वाट बंद झाली तरी किडनी आपलं काम करतच राहते. मूत्राशय ताणत जातं, दाब मागे किडनीवर येतो आणि शेवटी किडनीचं गाळणं मंदावतं. जे बाहेर जायला हवं ते रक्तात साठतं. त्यातला खरा व्हिलन म्हणजे पोटॅशियम. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात, लय चुकते, आणि एका क्षणी हृदय थांबतं. लघवी अडकलेला बोका बहुतेक वेळा असा, हृदय थांबून मरतो. पूर्ण अडकल्यापासून साधारण २४ तासांत उलट्या, मरगळ, अन्नावरची वासना जाणं हे सुरू होतं, आणि ४८ ते ७२ तासांत सगळं संपू शकतं. म्हणून 'आज शनिवार आहे, सोमवारी दाखवू' हे वाक्य इथे चालत नाही.

आणि हो, बैलाचीच गोष्ट इथेही लागू. ओरडणारा बोका अचानक गप्प झाला, अंग गार लागतंय, डोळे अर्धवट, म्हणजे बरं वाटतंय असं नाही. ही सगळ्यात वाईट खूण.

मग सुरुवातीच्या खुणा कोणत्या? आधी साधं गणित. तब्येतीने ठीक मांजर दिवसातून साधारण दोन ते चार वेळा लघवी करतं. तुम्ही गोळा होणारी लिटर वापरत असाल तर काम एकदम सोपं. रोज साफ करताना गोळे मोजा. रोज तीन मध्यम गोळे असायचे आणि आज लाडवाच्या चुरमुऱ्यांएवढे सात-आठ बारके गोळे निघाले, तर मूत्राशय चिडलंय. आज एकही गोळा नाही आणि बोका ट्रेमध्ये चकरा मारतोय, तर किल्ली उचला. बूट नंतर घाला.

ट्रेबाहेर, बाथरूमच्या थंड फरशीवर, बेसिनमध्ये, तुमच्या इस्त्रीच्या कपड्यांवर दोन थेंब शू करणं हाही निरोपच असतो. त्याला आपण खोडी म्हणतो आणि ओरडतो. थेंबांत गुलाबी छटा, सारखं खालचं अंग चाटणं, उचलायला गेलं की गुरगुरणं, आवडत्या खाण्याकडे पाठ, कपाटात लपणं. या सगळ्या खुणा एकदम दिसायची वाट बघत बसू नका. दोन दिसल्या तरी पुरे. बद्धकोष्ठ की लघवी, हे घरी ठरवता येत नसेल तर लघवीच धरून चाला. पोट साफ नसणारं मांजर उद्यापर्यंत थांबू शकतं. दुसऱ्याला तेवढा वेळ नसतो.

गावात तर आणखी पंचाईत. तिथली मांजरं शेतात, उकिरड्यावर, वाळूच्या ढिगात जाऊन येतात. कोण बघणार? तिथे बोक्याची बसायची ढब आणि सारखं चाटणं एवढंच हाताशी असतं. एरवी दिवसभर गावभर हिंडणारा गडी कडब्याच्या गंजीमागे पडून राहिला तर त्याला एकदा बाहेर काढून बघावं.

काय करू नये, हे मामींच्या अंगणात शेजारच्या चार बायका जमल्या तेव्हा फुकटात कळलं. प्रत्येकीकडे एक उपाय. कुळथाचं पाणी, गोखरूचा काढा, पाणी भरपूर पाजा म्हणजे 'जोर येऊन सुटंल'. माणसाच्या मुतखड्याला घरोघरी जे करतात तेच. पण विचार करा, पाइप चोंदलाय आणि आपण वरून टाकी भरतोय! बळेच पाणी पाजलं किंवा लघवी सुटायचं औषध दिलं तर ताण वाढतो. पोट चोळणं, दाबणं तर अजिबात नको. ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा. मांजराला पॅरासिटामॉल देऊ नका. कधीच नाही. अर्धी गोळीही नाही. आपलं लिव्हर जे औषध सहज पचवतं ते पचवायची यंत्रणा मांजराकडे जवळजवळ नसते. त्याचं रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबवतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात. आपली ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनचंही तेच, तिथे किडनी जाते. दुखतंय बिचाऱ्याला म्हणून मायेनं दिलेली गोळी... असो.

गब्बूचं पुढे काय झालं? डॉक्टरांनी पोटातून बारीक सुई घालून मूत्राशयातली लघवी काढली. कारखान्याच्या उसाच्या रसाच्या रंगाची, त्यात लालसर. म्हणाले, हा फक्त टाइम विकत घेतलाय. वाट अजून बंदच आहे. भूल देऊन नळी घालावी लागेल, रक्त तपासावं लागेल, सलाइनवर ठेवावं लागेल, ते माझ्याकडे इथे नाही. परभणीला न्या.

तेलगावहून वडवणीमार्गे बीड किंवा माजलगाव, पाथरी, मानवतमार्गे परभणी. पुण्यात दहा मिनिटांवर क्लिनिक असलेल्या माणसाला हा हिशोब कळणार नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागे तासन्‌तास अडकलेली जीप, मांडीवर चादरीत गुंडाळलेला बोका, त्याचं ते खोल ओरडणं, आणि फोनवर परदेशातून दर पंधरा मिनिटांनी 'आता कसा आहे?' विचारणारा मामेभाऊ. जीपमध्ये मामा एकच वाक्य बोलले, ''वरडतोय तवर बरं हाय.''

परभणीला नळी घातली. तीन दिवस सलाइन. वाट मोकळी झाली की काही बोके इतकी लघवी करतात की उलट शरीर कोरडं पडतं, म्हणून आत किती जातंय आणि बाहेर किती येतंय याचा हिशोब ठेवावा लागतो. चौथ्या दिवशी नळी काढली, गब्बूने स्वतःहून शू केली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात मामांनी मला अक्षरशः टाळी दिली. साठीचा माणूस, डोक्यावर टोपी! पण डॉक्टरांनी तिथेच सावध केलं. एकदा अडकलेला बोका पुन्हा अडकू शकतो, आणि पहिले काही दिवस, पहिला महिना सगळ्यात नाजूक. वारंवार झालं तर शेवटचा निमुळता भाग काढून वाट रुंद करायचं ऑपरेशन असतं. चांगलं ऑपरेशन आहे, पण ते सगळं संपल्यावरचा उपाय.

या निमित्ताने एक जनरल नॉलेज. आपल्या राज्यात पशुवैद्यकीय महाविद्यालयं मुंबईत परळला, नागपूरला, परभणीला, उदगीरला, शिरवळला आहेत. परभणीचं १९७२ पासूनचं. गावाकडे आई-बाबांच्या ताब्यात मांजर ठेवून तुम्ही शहरात राहत असाल तर त्यातलं जवळचं कोणतं, तिथे रात्री कोण असतं, वाटेत नळी घालणारा खासगी डॉक्टर कुठे आहे, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकांचा १९६२ हा टोल फ्री नंबरही आहे. तो मुख्यतः गाई-म्हशींसाठी, पण गावात सल्ला तरी मिळतो.

बरं, मुळात हे टाळायचं कसं? इथे मला परभणीच्या डॉक्टरांनी चांगलं अर्ध्या तासाचं लेक्चर दिलं, आणि नंतर मी स्वतः बरंच वाचलं.

मांजराचे पूर्वज वाळवंटातले. त्यामुळे तहान कमी आणि लघवी घट्ट, ही त्याची उपजत सवय. वाळवंटात हे जमून जायचं कारण त्याचं पाणी त्याच्या शिकारीतच असायचं. उंदराच्या शरीरात साधारण ७० टक्के पाणी असतं. आपल्या ड्राय फूडमध्ये? दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे मामींच्या अंगणातली उंदरं खाणारी गावठी मांजरं पाण्याच्या बाबतीत गब्बूपेक्षा श्रीमंत! ड्राय फूड विषारी आहे असं मी म्हणत नाही. पण फक्त तेच, दिवसरात्र भरलेल्या वाटीत, घरात बसून, खाणारा लठ्ठ बोका हा या दुखण्याचा ठरलेला गिऱ्हाईक. पाकिटातलं ओलं फूड ७५-८० टक्के पाणी असतं. ते महाग पडतं हे खरं. मग निदान कोरड्यात कोमट पाणी घाला. खिचडी पातळ करतो तसं रोज थोडं थोडं वाढवत न्या, एकदम बदललं तर साहेब वाटीला तोंड लावणार नाहीत.

पाण्याची भांडी दोन-तीन ठेवा, रुंद तोंडाची, जेवणाच्या आणि शूच्या जागेपासून लांब. आपण तरी टॉयलेटशेजारी जेवायला बसतो का? बऱ्याच मांजरांना वाहतं पाणी आवडतं, त्यासाठी आता प्लगवरची कारंजी मिळतात. तेलगावात गब्बूने त्याचं कारंजं स्वतःच शोधलं. ओट्यावरच्या माठाची तोटी गळते, तिच्याखालचं पातेलं.

क्षार आणि खड्यांचा विषय मात्र घरी हाताळायचा नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कार्ल ऑसबोर्न यांनी १९८१ मध्ये प्राण्यांच्या मुतखड्यांची तपासणी करणारं केंद्र सुरू केलं. सुरुवातीला तिथे येणारे मांजरांचे बहुतेक खडे स्ट्रुव्हाइटचे, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे असत. मग कंपन्यांनी खाण्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी होईल असे फॉर्म्युले आणले. स्ट्रुव्हाइट घटले. आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढले! पहिला प्रकार योग्य खाण्याने विरघळतो, दुसरा विरघळत नाही. त्यामुळे मित्राच्या बोक्याला लागू पडलेलं 'युरिनरी' फूड तुमच्या बोक्याला परस्पर चालू करणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखं. आधी तपासणी.

आता तुम्ही विचाराल, मग नसबंदीमुळे हे होतं का? अंगणातल्या बायकांचं एकमत होतं, होतं म्हणून. बैल आणि बोकडात लहानपणी खच्ची केलं की नळी पुरेशी वाढत नाही, हे बरोबर. बोक्यात मात्र तपासण्यांमध्ये नळीच्या रुंदीत तसा फरक दिसलेला नाही. नसबंदीनंतर तो सुस्तावतो, वजन वाढतं, आणि वजन नक्की नडतं. तेव्हा ऑपरेशन टाळू नका, वाटी आवरा. आणि रोज दहा मिनिटं दोरी घेऊन त्याला पळवा. तुमचंही वजन बघितलंय मी!

राहता राहिलं टेन्शन. हो, बोक्यालाही असतं. ओहायो स्टेट विद्यापीठात टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. कारण न सापडणारा मूत्राशयाचा त्रास असलेली ४६ घरबशी मांजरं. औषधांवर भर न देता त्यांच्या घरातल्या गोष्टी बदलल्या. लपायला जागा, चढायला उंच फळी, स्वच्छ ट्रे, खेळ, इतर मांजरांशी कमी भांडणं. १० महिने लक्ष ठेवलं. लघवीचा त्रास बराच कमी झाला, इतकंच नाही तर भित्रेपणाही कमी झाला. आता गब्बूचा जानेवारी आठवा. नवं घर, भोंगा, दोन अनोळखी मांजरं, रोजचा माणूस गायब. त्याच्या मूत्राशयाने राजीनामाच दिला म्हणायचं.

तुमच्या घरात असे प्रसंग कॅलेंडरवर आधीच छापलेले असतात. दिवाळीचे फटाके, गौरी-गणपतीचे पाहुणे, शिफ्टिंग, रंगकाम, नवं बाळ, दुसरं मांजर, नाइट शिफ्ट. त्या आठवड्यात बोक्याला एक खोली, एक खोका, त्याची जुनी चादर द्या. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवा. दोन बोके एकाच ट्रेवरून भांडत असतील तर हरलेला बिचारा शू दाबून बसतो. आणि सुट्टीवर जाताना मांजर कुणाकडे सोपवत असाल तर खाण्याच्या गोणीसोबत चिठ्ठी द्या. रोज किती वेळा शू करतो, कुठे करतो, आणि केली नाही तर कुणाला फोन करायचा. गब्बूसोबत आलेल्या गोणीवर फक्त 'दोन वेळा एक-एक वाटी' एवढंच लिहिलेलं होतं.

मामेभावाचं ऑनसाइट वाढलं, गब्बू तेलगावातच राहिला. वजन पावणेपाच किलो. कोठीमागची त्याची जागा कायम झालीय, गावठी मांजरांना तिकडे एंट्री नाही. मामींनी त्याच्यासाठी एक टोपलीभर वाळू ठेवलीय आणि मामा सकाळी गोठ्यात जायच्या आधी ती चाळतात. मला महिन्यातून एकदा फोनवर रिपोर्ट मिळतो, आकड्यांसकट.

रविवारी मटण किंवा कोंबडी शिजते तेव्हा मामी अळणी करतात. पण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला घातक, मीठही नको, हे डॉक्टरांनी सांगितलंय. म्हणून आता दोन फोडी आधी वेगळ्या पातेलीत, नुसत्या पाण्यात शिजतात. ते पाणी गार करून गब्बूच्या वाटीत. मामा बघत असतात आणि मामींना म्हणतात, ''पयली वाटी त्याला. आमाला कदी इचारलं व्हतं का?''